राहिलेली विहीर

विहिरीत टेप सोडण्याआधी तो काठावरून वाकून म्हणायचा, "सरका हं जरा." मग टेपच्या टोकाचं पितळी वजन खाली जायचं.

मी सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो. पीएच.डी. करणारे आकडे घेऊन घरी येतात. कुणी वनस्पतिशास्त्राचे, कुणी अर्थशास्त्राचे. हा भूशास्त्राचा. आटपाडीकडच्या विहिरींची पाणीपातळी मोजायचा. एकदोनदा मीही त्याच्याबरोबर उन्हात हिंडलो, म्हणून हे वाक्य ऐकलं.

"कुणाला सांगतोस रे?"

"पारव्यांना, सर. आत घरटी असत्यात."

विहिरीच्या कपारीत पारवे असतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. पण पारवे नसलेल्या विहिरीलाही तो तसंच म्हणायचा. शेतकरी चेष्टा करायचे, "बेडकांनाबी दे गड्या एक पीएच.डी." तो हसायचा आणि वजन हळूच सोडायचा, खाली कुणाला लागू नये अशा बेतानं.

त्याच्या तक्त्यात एक ओळ कायम मोकळी असायची. ती ओळ ज्या विहिरीची, ती नकाशाच्या मधोमध; तिच्याशिवाय पातळीच्या रेषा जुळेनात. प्रबंध तेवढ्यावर अडला होता. मला मोकळा रकाना बघवत नाही, म्हणून मी दर वेळी विचारायचो.

"राहिलीय एक, सर. बघू."

एकदा चहा पिताना त्यानं सांगितलं. विहीर त्याच्याच मळ्यातली. तो लहान असताना थोरली बहीण तिच्यात बुडाली. तेव्हापासून आईनं तिथं दोरसुद्धा सोडू दिला नव्हता. "आई म्हणती, पोरीला लागंल."

"मग शेजारच्या विहिरींवरून अंदाज काढू."

"न्हाई सर. घरचीच विहीर, आन् अंदाजानं?"

गेल्या उन्हाळ्यात म्हसवडच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल घसरली. तो जागीच गेला. मार्गदर्शकांनी प्रबंध त्याच्या नावानं सादर करायचं ठरवलं, मोकळ्या ओळीसकट.

मग त्याच्या आईचा फोन आला. "सर, पोराचं मोजायचं राहिलंय न्हवं? या तुमी."

त्याचाच टेप घेऊन मी गेलो. काठावर बाभळ वाढली होती. वजन हातात धरून उभा राहिलो. काठावरून आत वाकून पाहिलं.

आई पुढं आली. पदर सावरून विहिरीत वाकली.

"सरका रं दोघं जरा," ती म्हणाली. "सर आल्यात."

आत एकही पारवा नव्हता. मी आधीच पाहिलं होतं. तरी थोडा थांबलो, आणि मगच वजन सोडलं.