पिवळ्या शर्टाची सावली

माझ्या काकांनी जावई पसंत केला तो हनुवटीवरून. ताईने, म्हणजे त्यांच्या मुलीने, आपलं लग्न आपणच ठरवलं होतं आणि मुलाचा फोटो आणून काकांच्या पुढ्यात ठेवला होता. काकांनी तो खिडकीपाशी नेला, डोळ्याला भिंग लावलं आणि काकूने ठेवलेला चहा निवेपर्यंत तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "केस जरा दाट केलेत. पण हनुवटी खरी आहे." एवढ्यावर लग्न झालं.

काका फोटोंचं टचिंग करतात. पूर्वी निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने आणि अगदी बारीक ब्रशने करायचे, आता कॉम्प्युटरवर. मिटलेले डोळे उघडायचे, गालावरचे वांग पुसायचे, समारंभाला न आलेल्या आत्याला मागच्या रांगेत उभं करायचं, आणि भांडण झालं की मेव्हण्याला त्याच रांगेतून काढायचं. एवढी वर्षं लोकांना हवं तसं करून दिल्यावर माणसाचा खऱ्यावरचा विश्वास उडतो की खोट्यावर नजर बसते, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. काकांचं दोन्ही झालं होतं. बिस्किटाच्या पुड्यावरचं बिस्कीटसुद्धा ते भिंगाखाली घ्यायचे. आळीतली माणसं त्यांना पाठीमागे 'भिंग' म्हणत, आणि तोंडावरही म्हणाली असती तरी त्यांना वाईट वाटलं नसतं.

स्टुडिओ म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडे काचेचं दार, आतल्या बाजूला पडदा, पडद्यामागे स्वयंपाकघर. मी वरच्या मजल्यावर राहते. दुपारी पुस्तकं घेऊन खाली येते, कारण तिथला पंखा चांगला आहे आणि बोलणी त्याहून चांगली असतात.

त्या उन्हाळ्यात काकांचा संशय स्वतःच्या मुलावर होता.

त्याला आम्ही सगळे भाऊ म्हणतो. तो एका विमा कंपनीच्या ऑफिसात कारकून होता, आणि ती नोकरी भावजींच्या, म्हणजे ताईच्या नवऱ्याच्या शब्दावर लागली होती. भावजींनी कधी ते बोलून दाखवलं नाही. काकांनी मात्र येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. "जावयानं शब्द टाकला आणि काम झालं," असं म्हणून ते गिऱ्हाइकाच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं पुसत राहायचे.

"याची मान बघितलीस?" भाऊ बाहेर पडला की काका मला विचारायचे. "ऑफिसात बसणाऱ्याची मान एवढी कशी रापते?"

"बसच्या रांगेत उन्हात उभा राहत असेल," मी म्हणायचे.

"आणि पाय? बूट घालणाऱ्याच्या पावलावर चपलेच्या पट्ट्याचा पांढरा वळ कुठून आला?"

पडद्यामागून काकू म्हणायची, "पोराचे पाय कसले तपासताय. एखादी मुलगी असेल. फिरत असतील दोघं उन्हात."

"मुलीबरोबर फिरणारा माणूस अत्तर लावतो. याच्या अंगाला फरशी पुसायच्या औषधासारखा वास येतो."

 मग पडद्यामागून भांड्यांचा आवाज तेवढा यायचा.

अशात ताईचा फोन आला. ती, भावजी आणि त्यांची छोटी मुलगी आठवडाभर राहायला येणार होती, आणि छोटीला वॉटर पार्कला जायचं होतं. सगळ्यांनी मिळून, रविवारी. कुठल्या पार्कला ते बाबांनी ठरवावं, कारण बाबांनी पाहिल्याशिवाय काही ठरलं तर बाबा वाटभर बोलत राहतील, असं तिने हसत सांगितलं.

"मला रविवारी जमणार नाही," भाऊ जेवता जेवता म्हणाला. "ऑफिस आहे."

काकांचा घास हातातच राहिला. "रविवारी?"

"सध्या काम जास्त आहे."

"विमा रविवारी उतरवतात लोक?" काका ताटाकडे बघत म्हणाले. "बरं आहे."

ताई आली त्या संध्याकाळी आम्ही सगळे स्टुडिओत जमलो, कारण कॉम्प्युटरचा मोठा पडदा तिथेच होता. काका त्यांच्या फिरत्या खुर्चीत, भावजी त्यांच्या शेजारी स्टुलावर, छोटी भावजींच्या मांडीवर. ताई आणि काकू मागे बाकावर. मी काकांच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. भाऊ पाण्याचा पेला घेऊन स्वयंपाकघराच्या पडद्यापाशी, ना आत ना बाहेर.

शहराच्या आसपास तीन पार्क होते. पहिल्याच्या चित्रात उंचच उंच घसरगुंडी आणि खाली आनंदाने हात वर केलेली मुलं. काकांनी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं.

"ही निळ्या फितीची मुलगी बघा. आता इकडे, खाली. हीच मुलगी. आणि इथे, आरसा धरल्यासारखी उलटी, पुन्हा तीच."

"एकच मुलगी तीनदा?" भावजी पुढे वाकले.

"तिघीही एकाच वेळी खूश आहेत. पार्क रिकामं आहे, जावईबापू. माणसं यांनी घरून आणलीत."

दुसऱ्या पार्कचं पाणी काकांना मान्य नव्हतं. "आभाळ पांढुरकं आणि पाणी एवढं निळं? मी करतो असं निळं. लोकांना आवडतं."

"बाबा, आम्हाला पाण्यात खेळायचंय, पाणी विकत घ्यायचं नाहीये," ताई म्हणाली.

"ते तिसरं राहिलं," काकू म्हणाली.

"ते नको," भाऊ म्हणाला.

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. तो इतक्या वेळात पहिल्यांदाच बोलला होता.

"तिथलं पाणी गढूळ असतं. आणि गर्दी. ऑफिसातली माणसं गेली होती, सांगत होती."

"कुठली माणसं?" काकांनी विचारलं.

"ऑफिसातली."

काकांनी खुर्ची पुन्हा पडद्याकडे फिरवली. मला त्यांचा चेहरा बाजूने दिसत होता. कुणी 'इकडे बघू नका' म्हटलं की त्यांच्या भुवया जरा खाली येतात, तशा आल्या. "पार्कवाल्यांनी काढलेले फोटो राहू देत," ते म्हणाले. "लोकांनी काढलेले बघू. लोकांना खोटं नीट करता येत नाही."

लोकांचे फोटो वाकडेतिकडे होते. कुणाचं बोट आलेलं, कुणाचं डोकं कापलेलं. एका चित्रात एक बाई नातवाला पाण्यात धरून उभी होती, आणि तिच्या मागे तलावाच्या काठावर एक उंच लोखंडी खुर्ची होती. खुर्चीवर पिवळा टी-शर्ट घातलेला, गळ्यात शिट्टी अडकवलेला माणूस बसला होता. काकांनी चित्र मोठं केलं.

माउसवरचा त्यांचा हात थांबला.

मलाही दिसलं. तो जरा पुढे झुकून बसला होता, कोपर गुडघ्यावर, हात हनुवटीखाली. घरी पायरीवर भाऊ असाच बसतो. आणि मान.

भावजींनी चष्मा सरळ केला. "अरे," ते म्हणाले, "हा आपल्या भाऊसारखा दिसतो की."

पंखा तेवढा फिरत होता. पडद्यापाशी पाण्याचा पेला हलला नाही. जेवढं होतं ते सगळं त्या क्षणी त्या खोलीत होतं: भावजींचा शब्द, आळीभर सांगितलेली नोकरी, आणि बहिणीच्या नवऱ्यासमोर मान खाली घालायची पाळी आलेला एक मुलगा. काकांनी नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं. चित्रातलं खरं-खोटं सांगताना ते कधी चुकले नव्हते.

"तो जोडलेला आहे," काका म्हणाले.

"जोडलेला?"

"सावली बघा. बाईची, पोराची, खांबाची, सगळ्यांची डावीकडे पडलीये. याची उजवीकडे." आणि त्यांनी चित्र लहान केलं. "फरशी ओली आहे, चटकन लक्षात येत नाही."

"पण असा एकटा माणूस कुणी जोडेल कशाला?"

"रिकामी खुर्ची पाहिली तर कुणी मुलांना नेईल का तिथे? म्हणून बसवला. चेहरा कुठून तरी उचललेला. असे चेहरे ढिगाने मिळतात."

"कमाल आहे," भावजी म्हणाले. "काय काय करतात लोक."

 चित्र लहान व्हायच्या आधी मी फरशीकडे पाहिलं होतं.

"मग आपलं दुसरंच बरं," काका म्हणाले. "निळ्या पाण्याचं."

"मघाशी तर म्हणालात, पाणी रंगवलंय," काकू म्हणाली.

"रंगवलंय. पण रंगाखाली पाणी आहे."

सगळे जेवायला आत गेले. मी बाकावरचे कप गोळा करत मागे राहिले. काकांनी कॉम्प्युटर बंद केला आणि काळ्या पडद्यासमोर तसेच बसून राहिले. भाऊ आत गेला नव्हता.

"बाबा," तो म्हणाला. "सावली डावीकडेच होती."

"दिसली मला."

"मग?"

"कुठून कळावं त्यांना, हे तू ठरव. माझ्या पडद्यावरून नको."

भाऊ बाकाच्या कडेवर बसला. पेला अजून त्याच्या हातात होता. ऑफिसातली माणसं कमी केली तेव्हा सगळ्यांत नवा तोच होता, त्याने सांगितलं. भावजींना सांगायचं म्हणून दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा ठेवून दिला. पोहता येत होतं, म्हणून हे काम धरलं. तात्पुरतं म्हणून.

"काय करायचं असतं तिथे?" काकांनी विचारलं.

"बघायचं. दिवसभर पाण्याकडे बघायचं." भाऊने पेला फरशीवर ठेवला. "सगळे हसत असतात, ओरडत असतात. त्यातला एखादा खेळत नसतो. लांबून दोघं सारखेच दिसतात. म्हणून कुणाच्याच हसण्यावर विश्वास ठेवायचा नाही, असं पहिल्या दिवशीच सांगितलं त्यांनी."

काकांनी टेबलावरचं भिंग उचललं, शर्टाच्या टोकाने पुसलं. "आवडतं?"

"हो."

"ऑफिस आवडत होतं?"

"नाही."

"हं," काका म्हणाले. मग जरा वेळाने, "पाणी गढूळ आहे का खरंच?"

"नाही. रोज तपासतात. स्वच्छ असतं."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणतो, बाबा."

काकांनी भिंग खणात ठेवलं. हे त्यांनी न तपासता मान्य केलं, आणि त्यांच्या बाबतीत ही फार मोठी गोष्ट होती.

जेवणं होत आली होती. भाऊ भावजींच्या समोर जाऊन बसला आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाला, "भावजी, तो फोटोतला माणूस मीच आहे." ताईचा हात वाटीवर थांबला. पुढचं त्याने सरळ सांगितलं, खाली न बघता.

भावजींनी चष्मा काढून ताटाशेजारी ठेवला. त्यांना लागलं होतं, ते चेहऱ्यावर दिसत होतं. "माझा शब्द गेला म्हणून नाही," शेवटी ते म्हणाले. "तुला मला सांगावंसं वाटलं नाही, याचं वाईट वाटतं." मग छोटीच्या तोंडाला लागलेलं पुसत ते काकांकडे वळले. "आणि सासरेबुवा, तुम्ही चुकलात म्हणायचं. पहिल्यांदा."

"होतं असं," काका म्हणाले. "ओली फरशी."

"मामाकडे शिट्टी आहे?" छोटीने विचारलं.

तिसरं पार्क तिथेच ठरलं.

रविवारी आम्ही पोचलो तेव्हा भाऊ त्याच्या उंच खुर्चीवर होता. त्याने आम्हाला पाहिलं, हात थोडा उचलला आणि नजर परत पाण्यावर ठेवली. त्याला असं बघताना मी कधी पाहिलं नव्हतं. डोळे एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर जायचे, क्षणभर थांबायचे, पुढे सरकायचे. थेट काकांसारखे. ताई आणि भावजी छोटीला घेऊन उथळ पाण्यात शिरले. भावजी जरा पुढे, खोल पाण्याच्या दोरीपाशी गेले तर शिट्टी वाजली, आणि वरून आवाज आला, "चष्मेवाले काका, मागे या." भावजी आज्ञाधारकपणे मागे आले. ताई हसून हसून खाली बसली.

काका काठावर विजार गुडघ्यापर्यंत दुमडून उभे होते. नळ बघून झाले, जाळ्या बघून झाल्या, घसरगुंडीचे सांधे बघून झाले. काकू पाण्यात पाय सोडून बसली होती.

"सावली बघा त्याची," ती म्हणाली.

काकांनी पाहिली. खुर्चीची आणि पिवळ्या शर्टाची सावली ओल्या फरशीवर पडली होती, आमच्या सगळ्यांच्या सावल्यांच्याच बाजूला.

"त्या फोटोतही अशीच होती," काकू म्हणाली.

काका दचकले. "तुला कुठून दिसली? तू तर मागे बाकावर होतीस."

"मला कुठली सावली दिसतेय तिथून." काकूने पायाने पाणी ढवळलं. "पण खोटं असलं की तुम्ही चित्र मोठं करून दाखवता. तेव्हा लहान केलंत."

काका तिच्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं आपल्यावरही कुणाची नजर होती, हे त्यांना बहुतेक तेव्हाच कळलं असावं. मग ते तिच्या शेजारी वाकले, एक बोट पाण्यात बुडवलं, नाकाशी नेऊन वास घेतला, आणि मगच पाय आत सोडले.