मोरीच्या तोंडाला फळ्या

आसगावच्या पुढच्या मोरीवर पोचले, तेव्हा वरच्या अंगाला पाणी रस्त्याला टेकलं होतं आणि खालचा नाला जवळजवळ कोरडा होता. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी काढून देणारा पाइप. ही महिन्यापूर्वीच बांधलेली. त्या कामाची ज्युनिअर इंजिनिअर मी.

वरच्या शेताच्या बांधीत शेतकरी कांताबाईंचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, बुडाले होते. रोपं उपटून लावायची रोवणी आठ दिवसांवर. पऱ्हे सडले तर यंदाचं धान गेलं.

"मॅडम, मोरीले दार कायले लावलं?" गुडघाभर पाण्यातून त्यांनी विचारलं. "पाणी का बेल वाजवून जाईल?"

मला वाटलं, कचरा अडकला असेल. खालच्या बाजूने उतरून वाकले. पाइपच्या तोंडाला फळ्या होत्या. नटबोल्टने आवळलेल्या, वर निळा ऑइलपेंट.

सुपरवायझर निनावेभाऊंवर मी तिथेच तुटून पडले. त्यांनी शांतपणे ड्रॉइंग गाडीच्या सीटवर पसरलं.

"दुसरी शीट पाहा. दोन्ही तोंडाले फळ्या. नसत्या लावल्या तं तुमीच म्हटलं असतं, ड्रॉइंगप्रमाणे काम नाही."

खालची ओळ इंग्रजीत होती: हिवाळ्याआधी बंद करा, स्नो मेल्टच्या आधी उघडा. बर्फाळ मुलखात मोकळ्या पाइपमधून गार वारा शिरतो, भोवतीची ओली माती गोठून फुगते आणि रस्ता उचलला जातो. म्हणून तिथे थंडीत मोरीची तोंडं झाकतात. कन्सल्टंटने तिकडची शीट जशीच्या तशी आमच्या फाइलमध्ये घातली होती.

"स्नो मेल्ट म्हणजे मले वाटलं एखादं केमिकल असन," निनावेभाऊ म्हणाले. थंडी अडवायला शीटवर पाइपभोवती फोम लिहिला होता, तिथे त्यांनी टीव्हीच्या खोक्यांतलं थर्माकोल भरलं होतं.

मी मोर्च्यांची पत्रकं वाचत आणि वाटत मोठी झाले. मथळा डोक्यात तयारच झाला: भंडाऱ्यात बर्फ पडला, कोणाच्या सहीने?

शीटच्या कोपऱ्यात चार सह्या होत्या. सगळ्यात खालची माझी. तिच्यावर शिक्का: तपासले. फाइल आली त्या दुपारी मी तीसेक शीटवर न वाचता ओळीने सह्या केल्या होत्या.



निनावेभाऊंनी आधी खालच्या फळ्या खोलल्या, मग वरच्या सब्बलने, म्हणजे पहारीने, उचकटल्या. पाणी धडाडत निघालं. संध्याकाळी पऱ्ह्यांचे शेंडे दिसले. निम्मे वाचले, बाकीचे कांताबाईंनी शेजारच्या बांधीतून मागून आणले. मला त्या एवढंच म्हणाल्या, "पुढच्या टायमाले आमाले विचारजा. इथं बर्फ फक्त लग्नात येते."

ऑफिसात माझ्या वरच्या साहेबांचं म्हणणं पडलं की शीट गुपचूप बदलून टाकावी. मी जुनी शीट फाइलमध्येच ठेवली आणि माझ्या सहीखाली लिहिलं: तपासले नव्हते.

"असं कोणी लिहून ठेवते का?" साहेबांनी विचारलं.

आता शीट हातात आली की आधी गावाचं नाव वाचते. सही सगळ्यात शेवटी.