केरबांचा फोटो

कॅमेरा घेऊन शेताशेतांतून हिंडणाऱ्या माणसापाशी फोटोंपेक्षा किस्सेच अधिक साठतात. फोटो निदान पुसून टाकता येतात.

कळमनुरीचे निवृत्त कंपाउंडर माधवराव आणि मी, पळस फुलला की दरवर्षी कुरुंद्याजवळ केरबांच्या शेतावर जात असू. गेल्या पावसाळ्यात केरबा वारले. यंदा त्यांच्या पत्नी गयाबाई यांचा निरोप आला : "घरात ह्यांचा एकबी फोटो न्हाई. आधार कार्डावर हाय, पण तो ह्यांचाच हाय असं लेकरंबी मानत न्हाईत. तुमच्यापाशी असलच."

असणारच, असे मी छातीठोकपणे कळवले आणि चार वर्षांचे फोटो उघडून बसलो.

*

पहिल्या वर्षी बांधावर पिवळा धोतरा विपुल फुलला होता. "उद्या सकाळच्या उन्हात ही फुले टिपू," असे केरबांना सांगून आम्ही परतलो. दुसऱ्या दिवशी पाहतो, तर बांधावर एक फूल शिल्लक नाही! केरबांनी पहाटेच खुरपे चालवले होते.

"केरबा, हे काहून केलं?" माधवरावांनी विचारले.

"तणाचा फोटो काढता व्हय? गाव म्हणल, केरबाला शेत करता येईना."

तो फोटो आहे. त्यात स्वच्छ बांध आहे. केरबा तण फेकावयास गेले होते.

*

पुढील वर्षी त्यांना बजावले, की नेहमीसारखेच औत हाका, सजावट नको. केरबांनी बैल धुतले, शिंगे रंगवली, झुली घातल्या आणि स्वतः बाजूला उभे राहिले.

"तुम्हीही चौकटीत या," मी म्हणालो.

"सकाळपासून त्यांचं आंग घासून राहिलो. माझं घासायचं राहिलं."

त्या फोटोत दोन देखणे बैल आहेत, आणि कासरा धरलेला एक हात.

*

तिसऱ्या वर्षी हळद शिजत होती. फोकसच्या बाबतीत माधवराव अत्यंत काटेकोर. म्हणाले, "केरबा, झाकण धरून क्षणभर थांबा."

"म्या थांबतो. हळद थांबती का?" म्हणत केरबांनी झाकण उचलले.

फोटोत निव्वळ वाफ आली. वाचनालयाच्या प्रदर्शनात माधवरावांनी त्याखाली 'पहाटेचे धुके' असे लिहिले. लोकांनी फार वाखाणले.

*

अखेरीस एकच फोटो उरला. पळसाची फांदी सुस्पष्ट. तिच्यामागे दूरवर, खांद्यावर फावडे घेऊन निघालेले केरबा. धूसर, आणि तेही पाठमोरे. शास्त्रदृष्ट्या सदोष असा हा फोटो केवळ पुसावयाचा राहून गेला होता. दुसरा इलाजच नसल्याने तो मोठा करून, फ्रेम घालून आम्ही कुरुंद्याला गेलो.

"वहिनी, चेहरा कुठेच सापडला नाही," माधवराव खाली मान घालून म्हणाले.

गयाबाईंनी हात पदराला पुसले, फ्रेम घेतली आणि बराच वेळ पाहिली.

"असेच जायचे हे रोज, भाऊ. च्या पिऊन जा म्हणलं तरी मागं वळायचे न्हाईत."