गावदेवीपुढची तीन डावी वळणं

सगळा दोष आबांचा. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकतो, म्हणजे पुढं तुम्ही माझ्याकडे डोळे वटारून बघायला नको. आबा म्हणजे माझे थोरले चुलते. आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा, आणि बहुतेक वेळा तो चुकीचा!

आता ऐका. पण हातातली कपबशी आधी खाली ठेवा, नाहीतर सांडेल.

जर्मनची लढाई नुकतीच संपली होती. मिलिटरीच्या गाड्या लिलावात निघत होत्या आणि ज्यांना सायकलचा ब्रेक कुठं असतो हे ठाऊक नाही, असली माणसंसुद्धा मोटारी घेऊन घरी येत होती. त्यात आबा. कल्याणच्या लिलावातून त्यांनी एक जीप आणली. कशी पारखली असेल? बैल पारखतात तशीच. बॉनेट उघडून दात मोजले असतील!

बेत असा, की कर्जत स्टेशनवर उतारू घ्यायचे आणि खालापूरपर्यंत सोडायचे. गाडी चालवता येणारा अख्ख्या गावात मी एकटा. शाळा मी मॅट्रिकच्या आधीच सोडली होती. सोडली म्हणतोय, काढलं नव्हतं. लढाईच्या दिवसांत मिलिटरी डेपोत कामाला होतो, तिथं शिकलो. पण घरात माझं नाव ‘वाया गेलेला दामू’. ते नाव पुसायला मला ती एक ड्रायव्हरची जागा हवी होती. दुसरं काही नको होतं, खरंच सांगतो.

आबांनी अट घातली. “पाडव्याला गावदेवीला गाडीच्या तीन प्रदक्षिणा घालायच्या. नीट झाल्या तर डायवर तू. नायतर आमचा यशा हायच.”

यशा म्हणजे आबांचा मुलगा. गाडी सुरू झाली की हा डोळे मिटून घ्यायचा. असला ड्रायव्हर!

तर दोष. आबांना जीपची चाकं पसंत पडली नाहीत.

“ही काय चाकं रं? खेळण्यातली! आपल्या गाडीचं चाक बघ, छातीला लागतं. म्हणून तं चिखलात रुतत नाय.”

“आबा, ती बैलगाडी हाय.”

“मंग? चिखल तोच हाय ना?”

 चार दिवसांत आबांनी नेरळच्या भंगारवाल्याकडून मिलिटरी ट्रकचे चार टायर आणले. रिमचं माप एकच निघालं, टायर चढले. आतलं माप जुळलं म्हणजे बाहेरचंही जुळलं, एवढंच माझं शिक्षण. बाकी गाडीला मी बोट लावलं नाही. ना मडगार्डला, ना स्प्रिंगला.

पण दिसत काय होती म्हणून सांगू! चार बोटं उंच झाली. छाती काढून उभी राहिलेल्या फौजदारासारखी. मी एकटाच माळावर घेऊन गेलो. डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली, आठाचा आकडा काढला. वळताना टायर आणि मडगार्ड यांच्यात दोन बोटं जागा राहत होती. दोन बोटं पुरेत की!

पुरेत, पण गाडीत मी एकटा होतो. अंगानं काटकुळा. हे तेव्हा कुणाच्या डोक्यात यावं? आबांच्या तर येणारच नव्हतं.

पाडव्याला सगळं गाव देवळापुढं. झेंडूच्या माळांनी जीप झाकून गेलेली. जीपचं स्टिअरिंग डाव्या बाजूला, म्हणजे मानाची जागा माझ्या उजव्या हाताला. तिच्यावरून लगेच जुंपली.

“गाडी माझी हाय,” आबा म्हणाले.

“आन् गाव माझं हाय,” पाटील म्हणाले आणि बसलेसुद्धा.

पाटील बसले की खाली काय उरतं, ते तुम्ही पाटलांना पाहिलं असतं तर विचारलं नसतं. एकदा गिरणीतल्या भाताच्या काट्यावर गमतीनं बसले होते. तो काटा अजून सरळ झालेला नाही. मागं आबा आणि आणखी चार म्हातारे चढले. आणि प्रदक्षिणेत देवी कुठल्या हाताला असते? उजव्या! मग सगळे उजवीकडं दाटीवाटीनं बसले. डाव्या बाजूला कोण? मी, आणि एक नारळ.

ढोल वाजला. गुरवानं हात केला. देऊळ उजव्या हाताला ठेवून मी गाडी काढली. कोपरा आला. स्टिअरिंग उजवीकडं फिरवलं.

खर्रर्र!

अर्ध्यात अडकलं. अहो, हलेचना! गाडी उजवीकडं एवढी बसली होती की मडगार्ड टायरला टेकायला आलं होतं आणि उजवीकडं वळवलं की रबरात घुसत होतं. जळक्या रबराचा वास सुटला. समोर गावातल्या बायका आरतीची ताटं घेऊन उभ्या. मी ब्रेकवर उभाच राहिलो. पाटलांचा फेटा काचेवर आपटला.

“काय झालं रं?”

“पाटील, जरा उतरता का? गाडी वळत नाय.”

“परदक्षिणा सुरू झाली. आता मधी उतरायचं नसतं.”

“मग मागच्यांनी तरी डावीकडं सरका!”

“आन् देवीपासून लांब सरकू?” आबा ओरडले. “वाया गेला तं गेला, येवढा बी गेला का?”

बघा! सहा मोठी माणसं, सहाही धर्मात पक्की, आणि एकही ढुंगण हलवायला तयार नाही. ढोलवाले मागं येऊन भिडलेले. यशा गर्दीत हसत होता.  आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. हा उजेड मात्र माझा स्वतःचा. आबांचा त्यात हात नाही.

उजवीकडं वळता येत नसेल तर तीनदा डावीकडं वळा! माणूस तिथंच पोचतो. भूमितीत नापास झालेला पोरगा हे भर गर्दीत सोडवतो! मला स्वतःचाच अभिमान वाटला.

गाडी जरा मागं घेतली आणि डावीकडं मारली. लोण्यासारखी वळली! दुसऱ्यांदा डावीकडं. झकास! आता फक्त तिसरं वळण. मी डावीकडं पाहिलं, तर तिथं देऊळ. देवीचा दरवाजाच! आत थोडीच घालणार? म्हटलं, देऊळ संपलं की वळू. देऊळ संपलं. वळलो.

आणि बघतो तर काय?

देवी माझ्या डाव्या हाताला होती.

मी देवळाच्या बाजूच्या बोळात, उलट्या दिशेनं. उजवीकडं रचलेल्या दगडांच्या कुंपणाचा गडगा, जीप जेमतेम मावेल एवढीच वाट. मागं जावं तर अख्खं गाव ढोलासकट आत घुसलेलं. त्यांना वाटलं गाडी निघाली, चला! पाटील हात जोडून बसले होते ते गडग्याला. बराच वेळ त्यांच्या लक्षातच आलं नाही. मग त्यांनी मान फिरवली, माझ्या पलीकडं देवळाची भिंत बघितली, आणि त्यांचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

“उफराटी!” मागून गुरव किंचाळला. “अरे उफराटी परदक्षिणा!”

ढोल थांबला. नुसती इंजिनाची धडधड. थांबायला जागा नाही, वळायला सोय नाही. अख्खी प्रदक्षिणा उलटी पुरी करून मी गाडी देवीच्या दारात आणली.  एका म्हातारीनं ताटातली आरती फुंकून विझवली. आजवर इतका घाबरलो नव्हतो. डेपोत बॉम्बचा भोंगा वाजायचा तेव्हासुद्धा नाही.

पारावर पंच बसले. मी मान खाली घालून उभा. आता आबा मला सगळ्यांदेखत सोलणार, हे नक्की. मीही तयारीत होतो. चाकांचं सगळं त्यांच्या तोंडावर फेकणार होतो.

आबा उठले आणि म्हणाले, “पोराची चूक नाय. चाकं मी आणली.”

मला धक्का बसला. जन्मात पहिल्यांदा त्या माणसानं चूक कबूल केली, आणि तीही माझ्यासाठी!

गुरवानं तोड काढली. “आजच्या आज जुनी चाकं लावा. सूर्य बुडायच्या आत तीन परदक्षिणा सुलट्या घाला. देवी घेईल पोटात.”

“झालं तं!” आबा माझ्याकडं वळले. “जा दामू, जुने टायर काढ. डायवर तूच.”

मी जागचा हललो नाही.

आता जे तुम्हाला सांगितलं नव्हतं ते सांगतो. आबा उद्या मत बदलतील, पुन्हा ती खेळण्यातली चाकं लावायला सांगतील, अशी मला धास्ती होती. म्हणून जुने चारही टायर मी आधीच कर्जतच्या बाजारात चपला शिवणाऱ्या महादूअण्णाला देऊन आलो होतो.

“आरं, जा की!” आबा म्हणाले. “कुठं हायत टायर?”

 मी नुसतं खाली बघितलं. मग आबांनी बघितलं. मग पाटलांनी, मग गुरवानं. महादूअण्णानं त्या टायरांतून कापलेला चपलांचा पहिला जोड माझ्याच पायात होता. नवा कोरा, पट्ट्यांवर जीपच्या टायरची नक्षी.

सूर्य बुडायचा तो बुडाला. दुसऱ्या दिवशी लोहारानं मडगार्ड कापून काढलं आणि राहिलेल्या तीन प्रदक्षिणा सुलट्या झाल्या. गाडी तीच, टायर तेच, पाटीलही तेच. ड्रायव्हरची जागा यशाला मिळाली.