चार म्हणताच बंद

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी माझा कॉम्प्युटर बंद पडला, आणि त्याच्या पोटात माझा एम.एड.चा प्रबंध होता. जमा करायला आठ दिवस उरले होते. मिठबावच्या शाळेत दिवसभर शिकवून घरी आल्यावर रोज एक-दोन पानं, असं करत दोन वर्षांत तो उभा राहिला होता. प्रत काढली नव्हती का? काढली होती. पण इथल्या दमट हवेत तिन्ही फ्लॉप्यांना बुरशी धरली होती, हे मला नेमकं त्याच दिवशी कळलं.

बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा, आणि स्क्रीनवर अक्षरं उमटतात न उमटतात तोच सगळं गप्प. तालुक्याच्या दुकानात फोन केला. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरची पेटी न बघताच निकाल दिला. पॉवर सप्लाय गेला, बहुतेक मदरबोर्डही. दोन्ही बदलू, आणि हार्ड डिस्क कोरी करून देऊ. कोरी! म्हणजे प्रबंध पुसला जाणार. तरी दुसरा इलाज दिसेना, म्हणून पेटी चादरीत बांधली आणि रिक्षा बघायला निघाले.

वडील पडवीत बसले होते. जन्मभर त्यांनी मच्छीमारांच्या इंजिनाच्या होड्यांचं वायरिंग केलेलं.

"थांब गो," ते म्हणाले. "बिघाड खंय आसा ता कळल्याशिवाय काय बदलतलंस?"

"बाबा, तुमका काय कळता ह्यातला?" मी ओरडलेच. माझ्या जिभेला हाड नाही, हे अख्ख्या शाळेला ठाऊक आहे.

ते रागावले नाहीत. "कॉम्प्युटर कळणा नाय. वीज कळता."

त्यांची रीत ठरलेली. वीज जिथून येते तिथून सुरुवात करायची, मधलं काही सोडायचं नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. भिंतीतल्या सॉकेटला त्यांनी टेबललॅम्प लावला. लागला. मग मॉनिटरची विजेची केबल काढून पेटीला लावली. पुन्हा तेच. मी आपली घिरट्या घालत होते. मला रडायचं होतं आणि ते मला स्क्रू धरायला लावत होते.

मग पॉवर सप्लाय सोडवला. हिरवी आणि काळी तार जोडली की तो एकटाच चालतो, हे मी माझ्या कॉम्प्युटर कोर्सच्या वहीतून वाचून दाखवलं. त्याला भार म्हणून नुसता सीडी ड्राइव्ह जोडून बाबांनी तारा जुळवल्या. दहा मिनिटं झाली तरी पंखा फिरतच होता. दुकानदाराचा अर्धा निकाल तिथेच खोटा ठरला, आणि मला जरा धीर आला.

सगळं परत जोडून त्यांनी बटण दाबलं आणि मोठ्याने मोजू लागले. चार म्हणताच बंद. परत मोजलं. परत चारलाच.

"बिघाड असो मोजून येणा नाय," ते म्हणाले. "ह्येका कोणतरी बंद करता."

माझी ट्यूब तेव्हा पेटली. बटण चार सेकंद दाबून धरलं की कॉम्प्युटर बंद होतो, हे मीच शाळेत मुलांना शिकवत होते! बटणाची वायर बोर्डावरून काढली आणि बटणाऐवजी तिथल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं. पंखा फिरला. चार झाले, दहा झाले, चाळीस झाले. चालूच.

पुढचं झाकण काढलं तर कळलं, बटण एकदा दाबलं की लगेच बाहेर न येता आतच रुतून बसत होतं. फटीत ओल्या कुंकवाचा वाळून खडा झाला होता आणि त्यात अक्षतांचे दोन दाणे. दसऱ्याला हत्यारांची पूजा करताना बाबांनी कॉम्प्युटरलाही कुंकू लावलं होतं. होडीच्या इंजिनाला ते नेहमी स्टार्टरच्या बटणावरच लावत, म्हणून इथेही तिथेच.

त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे मीच केलंय," एवढंच म्हणाले.

"तुमीच शोधलास मा," मी म्हटलं, आणि तसं मनापासून वाटतही होतं. दुकानात गेले असते तर नवा बोर्ड, नवा सप्लाय आणि तेच रुतलेलं बटण घेऊन परत आले असते, प्रबंधाशिवाय.

बटण पुसून बसवलं. फाइल उघडली. पहिल्या पानापासून शेवटच्या संदर्भसूचीपर्यंत सगळं जागच्या जागी होतं. आणि मी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले.

बाबा गोंधळले. "आता कित्याक रडतंस गो? गावला मा सगळा?"

"आता सवड गावली," मी म्हटलं.