ताट वाजलं की पळायचं

आमच्या तांड्यात पितळेचं ताट दोन कारणांनी वाजायचं. कुणाच्या घरी मूल जन्मलं तर, आणि पोलिसांची जीप दिसली तर. मूल झाल्याचं ताट कौतुकानं, सावकाश वाजायचं. जीपचं ताट मात्र असं बडवायचे की शेळ्या दावं तोडायला बघायच्या. ते ऐकलं की हातातलं टाकायचं आणि शेतात पळायचं. तुरी उभ्या असल्या तर तुरीत, नाहीतर नाल्यात. मला चालायला शिकवलं तेव्हाच हेही शिकवलं असावं.

ज्यांच्या घरी मोहाची भट्टी होती ते पळायचे, हे समजू शकतं. आमच्या घरी भट्टी नव्हती. माझ्या बाला, म्हणजे वडलांना, दारूच्या नुसत्या वासानं शिंका यायच्या. तरी आम्ही सगळ्यांच्या पुढे पळायचो. कारण आसपासच्या गावात कुणाचा मोटारपंप गेला की पहिली झडती तांड्याची, आणि जो हाती लागेल त्याला नेऊन बसवायचे. चोर सोडून संन्याशाला फाशी. एकदा बालाच नेलं होतं. तो परत आला तेव्हा याडी, म्हणजे आमची आई, त्याच्या पाठीला हळद आणि तेल लावत बसली होती. मी दाराशी उभी होते, आणि मला दोघांचाही राग आला होता. लहान पोरीला दुसऱ्या कुणाचा राग धरायचा हे कळत नाही.

आता मी आर्णीत राहते, ब्लाउज शिवते, आणि जिभेनं जरा तिखट आहे असं माझी गिऱ्हाइकं म्हणतात. बा थकला. त्याचं आठवणं हळूहळू विरत गेलं. आधी त्यातून नातवंडं गेली, मग मी. मला तो "बाई, कुठल्या गावच्या तुम्ही?" असं अदबीनं विचारायचा. याडी तेवढी शिल्लक होती. आणि बैल. बैलजोडी आमच्या दावणीला कित्येक वर्षं नाही, पण तो रोज सकाळी उठून म्हणायचा, "पाण्यावर न्यायचे हायेत."

परवाच्या हिवाळ्यात एका सकाळी तो खरंच गेला. याडी कापूस वेचून आली तर खाट रिकामी. तांड्यानं विहिरी पाहिल्या, नाला पाहिला, आमच्या नायकानं, म्हणजे तांडाप्रमुखानं, चौफेर माणसं धाडली. मला फोन आला तेव्हा मी म्हटलं, ठाण्यात जाते.

"जाऊ नको," याडी म्हणाली. घरात आम्ही गोरबोली, आमची बंजारा बोली, बोलतो, इथे मी ते मराठीतून सांगतेय. "तुलेच बसवून ठेवतील तिथं. अन् त्याले सापडवलं तरी धरूनच आणतील. त्याची पाठ आता सोसणार नाही."

मी गेले. भांडायच्या तयारीनंच गेले, रस्ताभर उत्तरं घोकत. टेबलामागे एक पोलीसबाई होती, माझ्या थोरल्या लेकीपेक्षा थोडीच मोठी. तिनं पाण्याची बाटली पुढे केली.

"ताई, आधी पाणी प्या. मंग सांगा, बाबा कशाच्या मागं गेले असतीन?"

माझी सगळी उत्तरं वाया गेली. कुठे गेले असं विचारलं असतं तर मी वैतागले असते. पण कशाच्या मागं, हे मलाही सुचलं नव्हतं.

"बैलांच्या," मी म्हटलं. "बैल नाहीत आमच्याकडे. पण त्याला वाटतं, आहेत. पाण्यावर न्यायचे म्हणतो."

ती हसली नाही. "कोणत्या पाण्यावर?"

ते मला माहीत नव्हतं. मी याडीला फोन लावला.

"कोण विचारून राह्यलं?" तिनं विचारलं.

"पोलीस."

ती फोन ठेवायला निघाली. माझा पारा चढला. भर ठाण्यात ओरडले, "याडी, तुला बा पाहिजे का भीती पाहिजे?"

ती म्हणाली, "जुन्या वाटेनं. पळसाच्या पलीकडचा तलाव." आणि मग बारीक आवाजात, "त्याले मारतीन तर?"

माझ्या फोनचा आवाज मोठा असतो, टेबलापलीकडे सगळं ऐकू गेलं. पोलीसबाई टोपी उचलत म्हणाली, "मावशीले सांगा, हात धरून आणीन."

मला गाडीत घेतलं नाही. म्हणाली, तुम्ही आईजवळ थांबा. मी स्कुटीवर तांड्यात आले. याडी खाटेच्या कडेला बसली होती, बाचं पांघरूण मांडीवर घेऊन. मी तिला तो शब्द सांगितला, हात धरून आणीन. तिनं मान हलवली, पण पांघरूण काही सोडलं नाही. चहा केला, तोही तिच्यापुढे गार झाला.

उन्हं कलायला लागली आणि ताट वाजलं.

आता हे लिहिताना हसू येतं. सगळ्या तांड्याला ठाऊक होतं की बाला शोधायला जीप गेलीय. तीच जीप आली, आणि अख्खा तांडा पळाला. नायकाचा कारभारी पळाला, म्हाताऱ्या पळाल्या. याडीनं माझं मनगट धरलं आणि जीपला बोलावून आणणारी मीसुद्धा तुरीत जाऊन बसले! पायांना कोण समजावणार?

तुरीच्या फटीतून मला दिसलं. ओट्यांवर चिटपाखरू नाही. जीप थांबली. मागून पोलीसबाई उतरली, आणि तिचा हात धरून बा. पायांत चप्पल नव्हती, पण अंगावर कुणाचीतरी शाल होती. ती नंतर म्हणाली, तो तलावाच्या काठी बसून बैलांना हाका मारत होता. "बैल पाणी पिऊन पुढं गेले बाबा, आपण मागून जाऊ," असं सांगून तिनं त्याला गाडीत बसवलं.

ताट घेऊन पळालेला लांबून ते अजून बडवतच होता. बानं कान टवकारले. ज्याला लेक आठवत नव्हती त्याला ते ताट आठवलं. त्यानं खाकी कपड्यातल्या त्या मुलीकडे पाहिलं, तिचं मनगट घट्ट पकडलं आणि घाबराघुबरा होऊन म्हणाला, "चाल छोरी, पळ! पोलीस आले!"

आणि तो तिला ओढत तुरीत घेऊन आला.

तिनं हात सोडवून घेतला नाही. ती पळाली त्याच्याबरोबर. आमच्यापासून हातभर अंतरावर दोघं येऊन उकिडवी बसली. बानं तिचं डोकं खाली दाबलं, आपल्या अंगावरची शाल तिच्या खाकी खांद्यांवर ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून राहिला. असाच तो कधीकाळी मला झाकून बसायचा.

"बाबा," ती कुजबुजली, "गेले का?"

बानं मान उंचावून पाहिलं. "थांब. गाडी उभी हाये अजून."

याडी त्या दोघांकडे बघत होती. तिच्या अख्ख्या आयुष्यात पोलीस इतका जवळ बसला नव्हता. मग ती गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली, तुरीच्या शेंड्यांच्या वर, सगळ्यांना दिसेल अशी.

"गेले पोलीस," ती बाला म्हणाली. "उठ आता. आपलीच माणसं हायेत."

तिनं त्या मुलीच्या केसांत अडकलेला तुरीचा पाला काढला. आणि जीपच्या ड्रायव्हरला चहाचं विचारायला ती ओट्यांमधून चालत निघाली. याडीला जीपच्या दिशेनं जाताना मी पहिल्यांदाच पाहत होते.