ट्रॉलीची पट्टी

एके दिवशी माझे यजमान विहिरीतला गाळ काढायला उतरले आणि दोर तुटला. त्यानंतर मानेखाली त्यांचं काही हललं नाही.

हे आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव होते. दीड वर्षाने आम्ही पुण्याहून संगणकाला जोडायचा एक छोटा कॅमेरा आणला. कपाळाला एक चकचकीत ठिपका चिकटवायचा. कॅमेरा तेवढाच ओळखायचा. डोकं वळेल तिकडे पडद्यावरचा बाण जाई, अक्षरावर क्षणभर थांबला की अक्षर उमटे. पहिल्या दिवशी स्वतःचं नाव लिहायला यांना अर्धा तास लागला. दोन महिन्यांत ते पत्रं लिहू लागले. संचालकांना मात्र ते सगळं खेळणं वाटे.

त्या उन्हाळ्यात गाव टँकरवर होतं. चारा छावणीसाठी सभासदांच्या जनावरांची यादी संगणकावर भरून दिवस मावळायच्या आत पाठवायची होती. त्या सकाळी चेअरमन संचालकांना घेऊन घरी आले.

"वैनी, दुसरा सचिव बघावा म्हणतो. लई सोसलं यांनी. आता आराम करू द्या."

"आराम जलमभर हाय, चेअरमन," हे म्हणाले. "यादी मी करतो. झाली न्हाई तर उद्या दुसरा बघा."

निम्मी यादी झाली आणि घामाने ठिपका गळून पडला, कुणाच्या तरी पायाखाली चुरगळला. तो शेवटचाच होता. नवं पाकीट मागवायचं मी विसरले होते.

मी माझ्या कपाळावरची टिकली काढून यांना लावली. ती चमकणारी नव्हती, बाण हलला नाही.

"आता यांना बांगड्या बी भरा, वैनी," एक संचालक म्हणाला.

सगळ्यांत आधी हेच हसले. मग दाराबाहेर बघत राहिले.

"ट्रॉलीला मागं काय लावलंय, बघ."

त्या साली ऊस नव्हता. ऊस वाहायची आमची ट्रॉली अंगणात उभी होती. अंधारात गाड्यांच्या उजेडात चमकावी म्हणून कारखान्याने तिला लावलेली पट्टी मी ब्लेडने सोलून आणली. मी शाळेत शिकवायचे, त्या कामाचं पंच मशीन घरात होतं. त्याने पाडलेला ठिपका डिंकाने त्याच टिकलीवर बसवला आणि टिकली पुन्हा यांच्या कपाळाला लावली.

बाण हलला.

नावं एकेक करून उतरू लागली. संचालकांनी खुर्च्या पुढे ओढल्या. एका मेंढपाळ सभासदाचं नाव संचालकांनी आणलेल्या कच्च्या यादीत राहून गेलं होतं. यांना ते पाठ होतं, त्याच्या दोन्ही गायींच्या रंगांसकट.

ऊन भिंतीवरून उतरायच्या आत यादी गेली. चेअरमन उठले, त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिथे यांना स्पर्श कळत नाही हे ध्यानात येऊन तो उचलला आणि गालावर ठेवला.

"सचिव," ते म्हणाले, "उद्या सभेची नोटीस काढा."

हे शेवटपर्यंत सचिव राहिले. त्यांना जाऊन आता वर्ष झालं. ती पट्टी माझ्या टेबलाच्या खणात आहे. तिच्यावर आणखी एक भोक पाडायलाही जागा उरलेली नाही.